अँगस्ट्रॉम ते फर्लांग: लांबीचं रूपांतर करताना आकडा का चुकतो आणि न चुकता कसं करायचं

एका बाजूला नॅनोमीटर, मायक्रॉन, अँगस्ट्रॉम अशी अगदी बारीक युनिटं आणि दुसऱ्या बाजूला सूत (इंचाचा आठवा भाग), इंच, फूट, हात, फर्लांग (मैलाचा आठवा भाग) अशी जोडी आली की गडबड होतेच. गणित अवघड असतं म्हणून नाही, तर लोक थेट "एक अँगस्ट्रॉम म्हणजे किती सूत" असा आकडा शोधतात, कुठूनतरी तो मिळतो, मग गुणायचं की भागायचं यात घोळ होतो, त्यात एखादं शून्य गळतं आणि उत्तर दहापट नाहीतर हजारपट चुकतं. चुकलेलं कळतही नाही, कारण ०.०००००२१७ आणि ०.०००००००२१७ दिसायला सारखेच.

यावर उपाय एकच, मधे मीटरवर थांबायचं. कुठल्याही युनिटवरून आधी मीटर आणि मग मीटरवरून पाहिजे ते युनिट. एक पायरी वाढते पण चूक पकडता येते. खाली सगळं त्याच क्रमाने दिलंय, क्रम बदलू नका.

तयारी: हाताशी काय हवं

कागद-पेन आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर (मोबाईलमधलं चालेल, आडवं धरलं की बऱ्याच फोनवर ते बटण दिसतं). साधं कॅल्क्युलेटर नको, त्यात आठ-दहा आकड्यांच्या पुढचं मावत नाही आणि छोटी संख्या सरळ शून्य दाखवली जाते.

या लेखात १०^-९ असं लिहिलंय त्याचा अर्थ दहाचा उणे नववा घात, म्हणजे एक भागिले शंभर कोटी.

कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण (ईएक्सपी किंवा ईई) असतं त्यात "गुणिले दहाचा घात" हे आधीच धरलेलं असतं. म्हणजे ५.५ × १०^-७ टाकायचं तर ५.५, मग ते बटण, मग उणे ७. बरेच जण ५.५ गुणिले १०, मग ते बटण असं दाबतात आणि उत्तर दहापट मोठं येतं. सुरू करण्याआधी १ आणि घात ३ टाकून १००० येतंय का बघा, १०,००० आलं तर तुमची पद्धत चुकतेय.

टप्पा १: युनिट नक्की कुठलं ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बऱ्याच चुका गणिताच्या आधीच झालेल्या असतात, कारण एकाच नावाची दोन-तीन युनिटं आहेत.

मिल: प्लास्टिक फिल्म, कोटिंग, सर्किट बोर्ड या कामात मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपमध्ये ज्याला थाऊ म्हणतात तेच, २५.४ मायक्रॉन. पण बोलताना मिलिमीटरलाही लोक मिल म्हणतात. २ मिलची फिल्म म्हणजे ५०.८ मायक्रॉन, ती २ मिलिमीटर समजलात तर २००० मायक्रॉन, चाळीस पटीच्या जवळपास चूक. कागदावर नुसतं "मिल" लिहिलेलं असेल तर विचारून घ्या, अंदाज करू नका.

गेज: हे लांबीचं युनिट नाहीच. प्लास्टिक फिल्ममध्ये १०० गेज म्हणजे २५.४ मायक्रॉन असा सरळ हिशोब चालतो. पण तार आणि पत्र्याच्या गेजमध्ये नंबर वाढला की जाडी कमी होते, तीही सारख्या टप्प्याने नाही. शिवाय २० नंबरची तार ब्रिटिश स्टँडर्डने ०.०३६ इंच आणि अमेरिकन स्टँडर्डने साधारण ०.०३२ इंच. इथे एका आकड्याने गुणून चालत नाही, तक्ताच बघावा लागतो, आणि तोही बरोबर देशाचा.

पॉइंट: छपाईतला पॉइंट. कॉम्प्युटरवर तो इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे ०.३५२८ मिमी. जुन्या अमेरिकन खिळेछपाईतला पॉइंट ०.३५१५ मिमी आणि युरोपातला डिडो पॉइंट साधारण ०.३७६ मिमी. एका अक्षराला फरक दिसत नाही, पानभर ओळी लावल्या की दिसतो.

मैल: जमिनीवरचा १६०९.३४४ मीटर, समुद्रावरचा नॉटिकल मैल १८५२ मीटर. आणि इथे अजून एक खड्डा आहे. नॅनोमीटरचं चिन्ह छोटं एन छोटं एम, आणि नॉटिकल मैलाला कॅपिटल एन कॅपिटल एम वापरतात. टाईप करताना कॅपिटल-स्मॉल कोणी बघत नाही पण फरक लाखो कोटी पटीचा आहे. तसंच छोट्या एमने सुरू होणारा मिलिमीटर आणि कॅपिटल एमचा मेगामीटर.

साखळी: सर्व्हेमधली गुंटर साखळी ६६ फूट, इंजिनिअर लोकांची १०० फूट, आणि काही जुन्या मोजणीत ३३ फूट. नुसतं "चार साखळ्या" वाचून पुढे जाऊ नका.

फूट: होय, फूटसुद्धा दोन आहेत. आजचा आंतरराष्ट्रीय फूट बरोब्बर ०.३०४८ मीटर, १९५९ च्या करारापासून. अमेरिकेतला सर्व्हे फूट मात्र १२०० भागिले ३९३७ मीटर, तो तिथे २०२२ च्या शेवटी अधिकृतपणे बंद झाला, पण जुन्या नकाशांत अजून आहे. फरक फुटामागे साधारण ६१० नॅनोमीटर, म्हणजे घर बांधताना काहीच नाही. पण तुम्ही फुटाचं रूपांतर नॅनोमीटरमध्ये शेवटच्या आकड्यापर्यंत करत असाल तर हे ६१० नॅनोमीटर हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे आहेत.

जुन्या पुस्तकांत मिलिमायक्रॉन दिसला तर तो आजचा नॅनोमीटर, मायक्रोमायक्रॉन म्हणजे पिकोमीटर. फर्मी म्हणजे फेम्टोमीटर. मायक्रॉन हे नाव अधिकृत यादीतून १९६७ मध्येच काढलं, मायक्रोमीटर म्हणायचं असतं, पण सगळे मायक्रॉनच म्हणतात आणि त्याने गणितात काही बिघडत नाही.

चेक: पुढे जाण्याआधी कागदावर दोन्ही युनिटांची पूर्ण नावं लिहा, चिन्हं नाही. "१२ एनएम" नाही तर "१२ नॅनोमीटर". हे लिहिता येत नसेल तर टप्पा १ अजून संपलेला नाही.

टप्पा २: मीटरचे आकडे लिहून घ्या

ही यादी एकदाच लिहून ठेवा. प्रत्येक ओळ "एक अमुक म्हणजे इतके मीटर" याच दिशेने आहे. उलटे आकडे (एका मीटरमध्ये किती इंच वगैरे) मुद्दाम दिलेले नाहीत, दोन्ही दिशांचे आकडे समोर असले की चुकीचा उचलला जातो.

लहान युनिटं:
मिलिमीटर: १०^-३
मायक्रॉन: १०^-६
नॅनोमीटर: १०^-९
अँगस्ट्रॉम: १०^-१०
पिकोमीटर: १०^-१२
फेम्टोमीटर: १०^-१५

इंच-फूट घराणं:
मायक्रोइंच: २.५४ × १०^-८
थाऊ: २.५४ × १०^-५
सूत (इंचाचा आठवा भाग): ३.१७५ × १०^-३
इंच: ०.०२५४
घोड्याच्या उंचीचा हँड (४ इंच): ०.१०१६
फूट: ०.३०४८
वार: ०.९१४४
फॅदम (६ फूट): १.८२८८
रॉड (साडेसोळा फूट): ५.०२९२
गुंटर साखळी: २०.११६८
फर्लांग: २०१.१६८
मैल: १६०९.३४४

हे सगळे आकडे पूर्ण आहेत, राउंड केलेले नाहीत. इंच २५.४ मिमी ही व्याख्याच आहे, मोजून काढलेली किंमत नाही, त्यामुळे त्याच्यावरून निघणारे बाकीचेही नेमके येतात.

इतर देशांची काही जुनी युनिटंही नेमकी आहेत: जपानी शाकु म्हणजे १० भागिले ३३ मीटर, चीनचं ची म्हणजे मीटरचा तिसरा भाग, रशियन अर्शिन २८ इंच म्हणजे ०.७११२ मीटर. शाकु आणि ची अपूर्णांकातच ठेवा, ०.३०३ किंवा ०.३३३ लिहिलंत की तिथेच चूक शिरली.

इशारा: अँगस्ट्रॉमकडे नीट बघा. बाकीची लहान युनिटं हजार-हजारच्या टप्प्याने उतरतात, हा एकटाच मधे बसलाय, नॅनोमीटरच्या दहाव्या भागावर. हजाराची सवय झालेला हात इथे हमखास चुकतो. आणि जुन्या पुस्तकांत अँगस्ट्रॉम १०^-८ असा दिलेला दिसला तर तो सेंटिमीटरमध्ये आहे, मीटर समजून वापरलात तर शंभरपट चूक.

अंगुळ, वीत, हात यांचं काय

यांचं वेगळं सांगावं लागतं. यांच्यात आपसातलं प्रमाण पक्कं आहे, पण मूळ लांबी पक्की नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेलं कोष्टक असं: ८ यव म्हणजे १ अंगुळ, २४ अंगुळं म्हणजे १ हात, ४ हात म्हणजे १ दंड, २००० दंड म्हणजे १ क्रोश, ४ क्रोश म्हणजे १ योजन. वीत म्हणजे १२ अंगुळं, अर्धा हात. हे प्रमाण बिनधास्त वापरा. पण हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तो माणसागणिक, काळागणिक वेगळा. हिशोबासाठी बहुतेक वेळा १८ इंच धरतात. तसं धरलं तर अंगुळ १९.०५ मिमी (बरोबर सहा सूत), यव २.३८ मिमी, क्रोश ३६५७.६ मीटर आणि योजन साडेचौदा किलोमीटरच्या थोडं वर.

आता यात करायचं काय, तर पहिली ओळ नेहमी "हात = १८ इंच धरला आहे" अशी लिहायची. कोणी हात वेगळा धरला तर त्याला तुमचं उत्तर लगेच बदलून घेता येतं. ही ओळ नसलेलं उत्तर कामाचं नाही, कितीही दशांश दिले तरी.

इशारा: कौटिलीय अर्थशास्त्रात अंगुळाच्या खालीही उतरंड आहे, आठाच्या पाच पायऱ्या उतरत परमाणूपर्यंत, म्हणजे एका अंगुळात ३२,७६८ परमाणू. तो परमाणू आणि आजचा अणू एक समजून लोक रूपांतर करतात. गणित करून बघा: १९.०५ मिमी भागिले ३२,७६८ म्हणजे साधारण ०.५८ मायक्रॉन, ५,८०० अँगस्ट्रॉम. आजचा अणू एक ते पाच अँगस्ट्रॉमचा. म्हणजे हजारपटीहून मोठा फरक. त्या ग्रंथातला परमाणू हे लांबीचं एक युनिट म्हणूनच घ्या आणि त्याची किंमत अंगुळावरूनच काढा.

गज म्हटला की आज बहुतेक वेळा वार, ३६ इंच. जुन्या जमिनीच्या कागदात इलाही गज ३३ इंचांचा धरलेला असतो. कागद कुठला आहे ते बघा.

टप्पा ३: दिलेली संख्या एका युनिटमध्ये आणा

"५ फूट ७ इंच" ही एक संख्या नाही, दोन आहेत. आधी एक करा: ५ × १२ + ७ = ६७ इंच. मग पुढे. ५.७ फूट लिहिलंत तर १७०.१८ सेंमीच्या जागी १७३.७४ सेंमी येईल, साडेतीन सेंटिमीटरची चूक एका टिंबामुळे.

घोड्याच्या उंचीत तर हे टिंब मुद्दामच फसवं आहे. १५.३ हँड म्हणजे १५ हँड आणि वर ३ इंच, दशांश तीन नाही. म्हणजे ६३ इंच, १६०.०२ सेंमी. दशांश समजून १०.१६ ने गुणलंत तर १५५.४५ सेंमी येतं. टिंबानंतर कधीच ३ च्या वरचा आकडा येत नाही हे लक्षात ठेवलं तर ओळखता येतं, कारण ४ इंच झाले की पुढचा हँड.

सुताचंही तसंच. "दोन इंच तीन सूत" म्हणजे २.३ इंच नाही, २ आणि ३/८, म्हणजे २.३७५ इंच. अर्धा सूत म्हणजे सोळावा भाग.

अपूर्णांक दशांशात आणताना पूर्ण आणा. ५/६४ इंच म्हणजे ०.०७८१२५, याला ०.०८ लिहिलंत तर मायक्रॉनमध्ये १९८४.३७५ च्या ऐवजी २०३२ येतील. साधारण ४८ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ दोन थाऊ, मशीनच्या कामात एवढ्यात पार्ट रिजेक्ट होतो.

इशारा: एक्सेलमध्ये ५/६४ किंवा ५/८ टाईप केलं की ते त्याची तारीख करून टाकतं. बरोबरचं चिन्ह आधी लावून =५/८ असं टाका. आणि फूट-इंचाच्या खुणा (एकेरी म्हणजे फूट, दुहेरी म्हणजे इंच) कॉपी-पेस्ट करताना उडतात किंवा बदलतात, म्हणून शब्दात लिहिणं सेफ.

टप्पा ४: संख्या घातात लिहा

शून्यं मोजत बसू नका. ०.०००००५५ असं दिसलं की ५.५ × १०^-६ करा. टिंब उजवीकडे जितकी घरं सरकलं तितका उणे घात. इथे टिंब सहा घरं सरकलं. मोजताना पेनाने तीन-तीनचे गट पाडा, डोळ्याने मोजलं की एक शून्य कमी-जास्त होतंच.

मोठ्या संख्यांना आपल्याकडे वेगळी अडचण. पुस्तकं आणि वेबसाईट मिलियन-बिलियनमध्ये बोलतात आणि आपण लाख-कोटीत, दोन्ही डोक्यात एकदम चाललं की घोळ. एवढं लिहून ठेवा: मिलियन म्हणजे १० लाख (१०^६), बिलियन म्हणजे १०० कोटी (१०^९), ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी (१०^१२). स्वल्पविरामही वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे आकडा कॉपी करताना स्वल्पविराम काढून टाका आणि घातात लिहा.

टप्पा ५: मीटरवर आणा, इथे फक्त गुणाकार

नियम एकच: दिलेली संख्या × त्या युनिटचा यादीतला आकडा = मीटर. नेहमी गुणाकार. युनिट लहान असो की मोठं, अँगस्ट्रॉम असो की मैल.

५५० नॅनोमीटर: ५५० × १०^-९ = ५.५ × १०^-७ मीटर.
१ फर्लांग: १ × २०१.१६८ = २०१.१६८ मीटर.

चेक: हे मधलं उत्तर डोळ्याखालून घाला. ५५० नॅनोमीटर हा प्रकाशाच्या तरंगलांबीचा आकडा, मीटरमध्ये तो अगदी इवलासा यायला हवा, घात उणे असायलाच हवा. फर्लांग दोनशे मीटरच्या आसपास. पटत नसेल तर इथेच थांबा. थेट पद्धतीत ही थांबायची जागाच नसते.

टप्पा ६: मीटरवरून बाहेर पडा, इथे फक्त भागाकार

मीटर ÷ पाहिजे त्या युनिटचा यादीतला आकडा = उत्तर. नेहमी भागाकार.

५५० नॅनोमीटर किती थाऊ?
५.५ × १०^-७ ÷ २.५४ × १०^-५. आकडे वेगळे भागा, घात वेगळे वजा करा. ५.५ ÷ २.५४ = २.१६५. घात: -७ वजा (-५) म्हणजे -७ + ५ = -२. उत्तर २.१६५ × १०^-२, म्हणजे ०.०२१७ थाऊ.

हाच आकडा सुतात हवा असेल तर ३.१७५ × १०^-३ ने भागा: १.७३ × १०^-४ सूत. एका सुतात ५५० नॅनोमीटरच्या पाच हजार सातशेहून जास्त तरंगलांब्या मावतात.

१ फर्लांग किती अँगस्ट्रॉम?
२०१.१६८ ÷ १०^-१० = २.०११६८ × १०^१२. दोन लाख कोटींच्या थोडं वर.

इशारा: उणे घाताने भागताना घात मिळवला जातो, वजा होत नाही. -७ वजा -५ चं उत्तर -१२ काढणारे खूप आहेत. आणि कॅल्क्युलेटरवर भागाकाराच्या खालची पूर्ण संख्या कंसात टाका किंवा घाताच्या बटणाने टाका, नाहीतर तो २.५४ ने भागून १०^-५ ने वर गुणतो.

टप्पा ७: अंदाजाने पडताळा

गणित उलटं करून बघणं चांगलं, पण उलटं करताना माणूस तीच चूक परत करतो. त्यापेक्षा काही ओळखीची मापं डोक्यात ठेवा:

अणू एक ते पाच अँगस्ट्रॉम, डीएनएच्या पिळाची रुंदी २ नॅनोमीटर, तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉन, माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन म्हणजे दोन ते चार थाऊ, प्रिंटरचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास. दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर.

आता वरचं उदाहरण तपासा. ५५० नॅनोमीटर म्हणजे अर्धा मायक्रॉन. थाऊ २५ मायक्रॉनचा. अर्धा भागिले पंचवीस म्हणजे पन्नासावा भाग, ०.०२. आपलं उत्तर ०.०२१७, जुळलं. तोंडी दहा सेकंदात होतं आणि दहापटीच्या सगळ्या चुका यात पकडल्या जातात.

दुसरा साधा चेक: युनिट लहान झालं तर आकडा मोठा व्हायलाच पाहिजे. इंचावरून मायक्रॉनला जाताना आकडा लहान झाला तर टप्पा ५ आणि ६ ची अदलाबदल झालीय.

टप्पा ८: राउंड अगदी शेवटी, आणि जेवढं मोजलं तेवढंच

मधल्या पायऱ्यांत राउंड करू नका. मीटरला ३.२८ फूट हा आकडा सगळ्यांच्या तोंडात असतो, त्याने मैल काढला तर ५२८० ÷ ३.२८ = १६०९.७६ मीटर येतं, खरा १६०९.३४४. एक्केचाळीस सेंटिमीटरचा फरक, मायक्रॉनमध्ये चार लाखांच्या वर. लहान युनिटमध्ये उत्तर काढताना अशी चूक एकदम डोळ्यात भरते.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. टेपने "एक इंच" मोजलं आणि उत्तर लिहिलं २,५४,००,००० नॅनोमीटर. टेपवर तुम्ही फार तर अर्धा मिमी वाचू शकता, म्हणजे पाच लाख नॅनोमीटर इकडे-तिकडे. तिथे २.५ × १०^७ नॅनोमीटर एवढंच लिहा. मापात दोन आकड्यांची खात्री असेल तर उत्तरातही दोनच आकडे. हाताच्या हिशोबात तर याहून जास्त कधीच नको.

व्याख्येवरून केलेलं रूपांतर (एका फर्लांगात किती अँगस्ट्रॉम) हे वेगळं, तिथे सगळे आकडे लिहायला हरकत नाही, कारण मोजणी झालेलीच नाही.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर सेलचा फॉरमॅट आधी सायंटिफिक करा. नाहीतर ०.०००००००५५ च्या जागी ०.०० दिसतं आणि लोक समजतात फॉर्म्युला चुकला. मीटरचे आकडे वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, फॉर्म्युल्यात हाताने टाईप करू नका, एका जागी चुकलं तर शोधणं मुश्किल.

क्षेत्रफळ असेल तर मीटरच्या आकड्याचा वर्ग घ्यायचा, घनफळाला घन. चौरस इंच म्हणजे ६.४५१६ चौरस सेंमी, २.५४ नाही.

स्वतः करून बघा

उत्तर झाकून करा, आणि प्रत्येक वेळी मधला मीटरचा आकडा लिहा.

१) १२ मायक्रॉनची फिल्म किती थाऊ? मीटर: १.२ × १०^-५. उत्तर: ०.४७२ थाऊ.

२) २ फूट ३ इंच ५ सूत किती मिलिमीटर? आधी एक करा: २७.६२५ इंच. मीटर: ०.७०१६७५. उत्तर: ७०१.६७५ मिमी. ६९८.५ आलं असेल तर ५ सुताचे ०.५ इंच झालेत, ६८६ च्या आसपास आलं तर सूत धरायचे विसरलेत.

३) ४०० ते ७०० नॅनोमीटर म्हणजे किती मायक्रोइंच? मीटर: ४ × १०^-७ ते ७ × १०^-७. उत्तर: १५.७ ते २७.६ मायक्रोइंच.

४) १ फॅदम किती पिकोमीटर? मीटर: १.८२८८. उत्तर: १.८२८८ × १०^१२. इथे घात उणे आला असेल तर टप्पा ६ मध्ये भागाकाराऐवजी गुणाकार झालाय.

५) १५.३ हँड किती मायक्रॉन? ६३ इंच, मीटर १.६००२, उत्तर १६,००,२०० मायक्रॉन. १५,५४,४८० आलं असेल तर टप्पा ३ परत वाचा.